टाळीचे गाणे : ‘सिक्स पॅक बँड’चा पहिला अल्बम



संयोजकांनी यंदा मला ‘साठीनंतरचे आरोग्य’ हा विषय सुचवला होता. त्यावर मी यापूर्वी दोनदा बोललो आहे, आणि श्रोत्यांपैकी निम्म्यांनी अजून सकाळचा फाफडा सोडलेला नाही. म्हणून या वेळी मी विषय बदलून मागितला. मला २०१६ साली मुंबईत निघालेल्या एका गाण्यांच्या अल्बमविषयी लिहायचे आहे. गाणारे सहाही कलावंत तृतीयपंथी आहेत. संयोजकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ‘डॉक्टरांची मर्जी’ असे म्हणून होकार दिला.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे बडोद्यात चार-चार पिढ्यांची आहेत. त्या प्रत्येक घरी बारशाला, लग्नाला, नाहीतर नव्या घराच्या वास्तुशांतीला दाराशी टाळी वाजलेली आहे. ती ऐकली की घरातले पुरुष दिवाणखान्यातून आतल्या खोलीत जातात आणि बोलणी करायला आजीला पुढे करतात. मराठीत आपण त्यांचा उल्लेख कसा करतो ते इथे लिहीत नाही. गुजरातीत पाठीमागे ‘पावैया’ म्हणतात आणि समोर आल्यावर ‘मासीबा’. मी मासीबाच म्हणेन. त्या गातात, ढोलक वाजते, बाळाला मांडीवर घेऊन आशीर्वाद देतात, मग घासाघीस होते. एकवीसशे मागितलेले अकराशेवर येते, वर एक साडी आणि शिधा. नंतर दार लावून आपण म्हणतो, गेल्या एकदाच्या.

त्या काय गायल्या हे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का? मी स्वतः सांगू शकत नाही. साठ-पासष्ट वर्षांत मी ही गाणी पंधरा-वीस वेळा तरी ऐकली असतील आणि त्यांतली एक ओळ मला आठवत नाही. आपण ते गाणे थांबावे म्हणून पैसे देत आलो. अल्बमचे उलटे असते. तो आपण होऊन लावावा लागतो. माझा सारा विषय या एका फरकावर उभा आहे.

आधी अल्बमची हकीगत. जानेवारी २०१६ मध्ये यशराज फिल्म्सच्या ‘वाय-फिल्म्स’ या शाखेने ‘सिक्स पॅक बँड’ लोकांपुढे आणला. संगीत शमीर टंडन यांचे, पैसा ब्रुक बाँड रेड लेबल या चहाचा. फिदा खान, रवीना जगताप, आशा जगताप, चांदनी सुवर्णकार, कोमल जगताप आणि भाविका पाटील असे सहा जण. जगताप, सुवर्णकार, पाटील ही आपल्या शाळेच्या हजेरीपटातली आडनावे आहेत. तृतीयपंथीयांचा देशातला हा पहिला बँड म्हणून त्याची ओळख करून देण्यात आली. पहिले गाणे ‘हम हैं हॅप्पी’, त्याला अनुष्का शर्मा यांचे निवेदन. पुढच्या गाण्यांपैकी ‘सब रब दे बंदे’ त्यांच्याबरोबर सोनू निगम यांनी गायले, ‘ए राजू’मध्ये हृतिक रोशन दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधील कान शहरात ‘ग्लास लायन’ विभागाचे सर्वोच्च पारितोषिक या उपक्रमाला मिळाले. कानचे नाव ऐकून चित्रपट महोत्सव समजू नका. हा जाहिरातींचा महोत्सव. हा फरक पुढे लागणार आहे.

‘हम हैं हॅप्पी’ हे मुळात त्यांचे गाणे नव्हे. अमेरिकी गायक फॅरेल विल्यम्स यांनी २०१३ साली एका ॲनिमेशनपटासाठी केलेल्या ‘हॅप्पी’ या गाण्याचे ते हिंदी रूप आहे. उसने गाणे म्हणून मी प्रथम नाक मुरडले. पण माझ्या सुनेने मूळ गाणे आणि हे गाणे एकापाठोपाठ ऐकवले तेव्हा निवड किती चपखल होती ते कळले. मूळ गाण्यात वाद्ये मोजकी आहेत आणि त्याचा कणा आहे हातांची टाळी. ऐकणाऱ्यालाही ते टाळी वाजवायला बोलावते. साऱ्या जगाने, त्यात लहान मुले आणि विमानतळावरचे कर्मचारीही आले, त्या टाळीवर नाचून आपापल्या चित्रफिती केल्या होत्या. आणि आपल्याकडे टाळी म्हटली की कोण आठवते?

ही टाळी नीट पाहा. भजनात आपण टाळी वाजवतो तेव्हा तळवे किंचित खोलगट होतात आणि बोटांवर बोटे पडतात. मध्ये हवेची पोकळी राहते आणि आवाज भरीव, दबका येतो. मासीबांच्या टाळीत बोटे ताठ आणि फाकलेली असतात, एक तळवा दुसऱ्यावर आडवा पडतो, सपाटावर सपाट. पोकळी राहत नाही म्हणून आवाज कोरडा, उंच, फटक्यासारखा येतो. गर्दीत, रस्त्यापलीकडे, गाडीची काच वर असताना तो ऐकू जातो. काम तेच आहे त्याचे. सिग्नलला हा आवाज आला की आपला हात आधी काचेच्या बटणाकडे जातो. त्याच हातांना या गाण्यात ठेका सापडला आहे, आणि ऐकताना माझा पाय हलला हे मी कबूल करतो.

आता आवाजाविषयी, कारण हा माझ्या कामाचा भाग आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याचा स्वर सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे कंपनांचा, बाईचा दोनशेच्या आसपास. एकदा जाड झालेले तंतू पुढे स्त्रीसंप्रेरके घेतली तरी पुन्हा बारीक होत नाहीत. म्हणून साडी, बांगड्या, गजरा सगळे असून गळा मात्र भारदस्त राहतो, आणि ऐकणाऱ्याला प्रथम तोच खटकतो. गंमत अशी, की मूळ ‘हॅप्पी’ फॅरेल विल्यम्स यांनी कृत्रिम उंच आवाज लावून गायले आहे, बाईच्या पट्टीच्या जवळ. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. आमच्या सहा जणांनी मात्र आवाज झाकलेला नाही. तो जसा आहे तसा समोर येतो, थोडा खरबरीत, थोडा दाणेदार. या सहा जणांचा साचा चित्रपटगीतातल्या गळ्यांचा नाही, आणि त्यांचे गाणे ऐकायचे असेल तर याच कारणासाठी ऐकावे.

पुरुषाने लुगडे नेसून गाणे ही आपल्याला नवी गोष्ट आहे, असे तर कोणी म्हणू नये. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यातली स्त्रीपात्रे पुरुषांनीच केली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, आणि बालगंधर्वांची साडी, अंबाडा, दागिने यांची नक्कल घरोघरच्या लेकीसुना करू लागल्या. गंधर्व नाटक मंडळीला आपल्या बडोदे दरबाराचा आश्रय होता. माझी आजी ‘गंधर्वांसारखा पदर’ हे शब्द अगदी सहज वापरत असे. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. बालगंधर्वांच्या खासगी आयुष्याविषयी मी काही सुचवत नाही, तो माझा विषय नाही आणि तसे सुचवणे गैरही होईल. मी बोलतो आहे ते प्रेक्षकांविषयी, म्हणजे आपल्याविषयी. तिकीट काढून रंगमंचावर पाहिलेला स्त्रीवेश आपल्याला मोहवतो. तोच दारात आला की आपण दिवाणखाना सोडतो.

आणि याच काळात कायदा काय म्हणत होता? १८७१ चा ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी कुप्रसिद्ध आहे. त्याचा दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. तो तृतीयपंथीयांवर होता. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात त्यांची सरकारी नोंदवही ठेवली गेली. नोंद झालेला इसम बायकी वेशात वा दागिने घालून रस्त्यावर दिसला, किंवा पैशासाठी उघड्यावर नाचला वा वाद्य वाजवले, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. गाणे-बजावणे हाच गुन्हा होता. म्हणजे पुण्यात ‘शाकुंतल’ उभे राहत होते त्या दशकात उत्तरेत दुसरी माणसे त्याच वेशात गायली म्हणून तुरुंगात जाऊ शकत होती. अल्बम काढणे त्यांच्यासाठी केवढी लांबची मजल आहे याचा अंदाज यावरून यावा. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात त्यांची तिसरे लिंग म्हणून ओळख मान्य केली, त्यानंतर जेमतेम दोन वर्षांत हा बँड आला. दंडविधानाचे ३७७ कलम तेव्हाही डोक्यावर होतेच. त्याचा जाच ६ सप्टेंबर २०१८ ला संपला.

आपले बडोदे संस्थान या बाबतीत थोडे वेगळ्या वाटेने गेलेले दिसते. मेहसाणा जिल्ह्यातले बहुचराजीचे मोठे देऊळ मानाजीराव गायकवाडांनी १७८३ च्या सुमारास बांधले. देवीच्या कृपेने त्यांची गाठ बरी झाली अशी आख्यायिका आहे. डॉक्टर म्हणून मी तिच्यावर मत देत नाही. मुद्दा असा, की हीच बहुचरा मासीबांची कुलदेवता. कोंबड्यावर बसलेल्या ज्या देवीच्या नावाने त्या आपल्या बाळाला आशीर्वाद देतात, तिचे देऊळ मराठी सरदाराने उभारलेले आहे. कारेलीबागेतल्या बहुचराजीवरून आपण रोज जातो-येतो. म्हणजे ओळख जुनी आहे, फक्त ती उंबऱ्यापर्यंतची.

माझ्या स्वतःच्या उंबऱ्याची गोष्ट आता सांगितली पाहिजे. १९९४-९५ ची. माझा दवाखाना तेव्हा एका गल्लीत, दोन खोल्यांचा. एक मासीबा घसा बसला म्हणून आल्या. लग्नसराईत रोज चार-पाच ठिकाणी गाऊन आवाज पार गेला होता. गायकांच्या बसलेल्या घशासाठी आमच्या ग्रंथांत अरम ट्रिफायलम सांगितले आहे, ते मी दिले. पण बाहेरच्या बाकावरून दोन बायका मुलांना घेऊन उठून गेल्याचे मला दिसले होते. मी मासीबांना म्हणालो, “पुढच्या वेळी रात्री आठनंतर या, तेव्हा गर्दी नसते.” त्यांनी मान हलवली. पुन्हा आल्या नाहीत.

आम्ही होमिओपॅथ मंडळी रोग्याची हकीगत घेण्याबद्दल मोठा अभिमान बाळगतो. रोगी कोणत्या कुशीवर झोपतो, ऊन सोसते का, पावसाळी हवेत उदास वाटते का, हे सगळे विचारतो. त्या दिवशीचा केसपेपर मला आजही आठवतो. त्यावर नाव होते ‘मासीबा’. खरे नाव मी विचारलेच नव्हते. लिंगाच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना म्हणून तो कोरा ठेवला होता. आणि हे मी, ज्याच्या जैन कर्मग्रंथांत शरीराचे लिंग आणि मनातला वेद या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत, माणसात त्या एकमेकींशी जुळतातच असे नाही इथपर्यंत चर्चा आहे! लहानपणी पाठशाळेत घोकलेले केसपेपरपर्यंत पोचले नाही.

दीड-दोन वर्षांनी शेजारी बारसे होते. तिथे त्या भेटल्या. मी विचारले, घसा कसा आहे? त्या हसून म्हणाल्या, “साहेब, पाळणा हलला की आम्ही भर दुपारी चालतो. दुखले-खुपले की रात्री आठनंतर.” आणि ढोलकवाल्याला खूण करून गायला लागल्या. त्या दिवशीही गाणे मी ऐकले नाही. मी आपला बुटांकडे बघत उभा होतो.

टोरांटोला असणाऱ्या माझ्या पुतण्याने या विषयात भर घातली. त्याने मला पीचेस या कलावंताविषयी सांगितले. मूळ नाव मेरिल निस्कर, टोरांटोत लहान मुलांना संगीत आणि नाट्य शिकवत असत. पुढे बर्लिनला गेल्या. पीचेस या नावाने त्यांचा पहिला अल्बम २००० साली निघाला, बहुतांशी एकटीने, एकाच इलेक्ट्रॉनिक यंत्रावर केलेला. त्या प्रकाराला इलेक्ट्रो-पंक म्हणतात. यंत्राचा साधा ठोका, मुद्दाम खडबडीत ठेवलेला आवाज, भडक वेश आणि ऐकणाऱ्याला शरमेने लाल करणारे शब्द. त्यांतले शब्द मी या पुस्तिकेत छापू शकत नाही. पुतण्या म्हणाला, काका, यात लाज प्रेक्षकाला वाटते, गाणाऱ्याला नाही, तीच त्यातली युक्ती. मी मनात म्हटले, ही युक्ती मला ठाऊक आहे. यजमानाच्या पोटावरून, जावयाच्या टकलावरून, घरधन्याच्या चिकटपणावरून चारचौघांत चावट टोमणे मारून पैसे वसूल करणे हा आपल्या दारातला जुना खेळ. एक ढोलक, दोन तळवे आणि बेडरपणा. बर्लिनच्या कलावंताने जे कला म्हणून केले, ते इथे पोटासाठी चालत आले होते. तिकडे समीक्षक लेख लिहितात, इकडे आपण शंभराची नोट मोडून आणायला पाठवतो.

आणि या तुलनेतच ‘सिक्स पॅक बँड’ची उणीव दिसते. पीचेसचा अल्बम तिचा स्वतःचा आहे, बरावाईट जो काही असेल तो. या सहा जणांची गाणी दुसऱ्यांनी रचली, चाली दुसऱ्यांनी बांधल्या, आणि सारे चहाच्या नावाने बाजारात आले. त्यातला चावटपणा धुऊन काढला आहे. गाणी हसरी, गोड, कोणालाही न दुखावणारी. दारातल्या मासीबांना घाबरणारे आपण या गाण्यांना घाबरणार नाही, आणि हेच त्यांचे यश आणि हीच त्यांची मर्यादा. जाहिरातीला पारितोषिक मिळाले की जाहिरातीचे काम झाले. पुढच्या काळात याच नावाने वेगळा चमू आला, विशेष गरजा असलेल्या मुलांचा. तोही चांगलाच उपक्रम. पण पहिल्या सहा जणांचा दुसरा अल्बम कुठे आहे, असे विचारायला हवे.

तरी मी चहा कंपनीला सरसकट दोष देणार नाही. नाटक कंपन्याही कोणाच्या ना कोणाच्या आश्रयावरच चालल्या. आणि सूनबाईने ते गाणे लावले तेव्हा माझा सात वर्षांचा नातू सोफ्यावर उभा राहून नाचला. त्याला कोणी काही समजावून सांगितले नव्हते. तो टाळीला घाबरला नाही, कारण त्याने ती प्रथम गाण्यात ऐकली. मी ती प्रथम आजीच्या मागे लपून ऐकली होती.

माझ्या केसपेपरवर आता लिंगाचा रकाना मोकळा असतो, रोग्याने स्वतः भरायचा. दवाखान्याची वेळ सर्वांना एकच आहे. बाकावरून अजूनही कोणी कोणी उठून जाते. मी जाऊ देतो.

आपल्याला ऐकायचे असेल तर ‘हम हैं हॅप्पी’पासून सुरुवात करावी, आणि चित्र न पाहता एकदा नुसते ऐकावे. गेल्या फाल्गुनात आमच्या घरी नातीचे बारसे झाले. मासीबा आल्या, चौघीजणी, वयस्कर एक आणि बाकीच्या तरुण. या वेळी मी दिवाणखान्यात बसून राहिलो. गाणे पूर्ण ऐकले. त्यात बहुचराजीचा कोंबडा होता, आणि बाळाच्या आजोळी सोन्याचा पाळणा येणार असा हिशेब होता. नंतर सूनबाईने मोबाइलवर ‘हम हैं हॅप्पी’ लावून त्यांना दाखवले. तरुण तिघींना ते तोंडपाठ होते. वयस्कर मासीबांनी मोबाइल कानाशी धरून सगळे शांतपणे ऐकले, आणि परत देताना म्हणाल्या, “सारुं छे, साहेब. पण आमां ढोलक क्यां छे?”